भंगलेल्या सुळ्याचा सांधा

चिंचवडची मंगलमूर्ति भाद्रपदांत व माघांत पालखींतून मोरगांवास जाते, ही गोष्ट पुणें प्रांतांतील आबालवृद्धांस ठाऊक आहे. पवनेच्या कांठीं मोरया गोसावींची समाधि आणि कऱ्हेच्या कांठीं मयूरेश्वराचें स्थान, या दोन टोकांमध्यें हा मार्ग पसरलेला आहे. व ज्या दैवताच्या नांवानें तो चालतो त्याचें एक नांव एकदंत असें आहे. त्याचा दुसरा दांत कसा मोडला याविषयीं कथाकारांत एकवाक्यता नाहीं. परशुरामाच्या परशूनें तो तुटला असें कोणी सांगतात. महाभारत लिहितांना लेखणी मोडली म्हणून गजाननानें तो आपणच मोडून घेतला असें दुसरे सांगतात. त्या कथांचा निर्णय करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय दुसऱ्या मोडक्या दांतांचा आहे. दख्खनच्या नद्यांच्या गाळांत हजारों, क्वचित् लाखों वर्षें पडून राहिलेल्या हत्तींचे सुळे आज उजेडांत येतात ते बहुधा तुकड्यातुकड्यांनींच येतात. ते तुकडे जोडावे कशानें, कितपत जोडावे, आणि जोडणें कोठें थांबवावें, हा प्रश्न दिसण्यांत कारागिराचा असला तरी त्याचें उत्तर इतिहासकारानेंच द्यावयाचें असतें.

पुराणकथा व प्राणिशास्त्र यांची गांठ येथें एकदां चमत्कारिक रीतीनें पडलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणांत ह्यू फाल्कनर व प्रोबी कॉटली या दोघांनीं शिवालिकच्या डोंगरांतून अश्मीभूत हाडांचा मोठा संग्रह केला. त्यांत एका प्रचंड गजाचें मस्तक होतें. त्याचे सुळे अतिशय लांब, आणि परस्परांस इतके चिकटून निघालेले कीं त्यांच्यामधून सोंड खालीं लोंबण्यास जागा कशी राहिली असेल याचेंच नवल वाटावें. या प्राण्यास त्यांनीं ‘गणेश’ हेंच नांव दिलें. आज तो ‘स्टेगोडॉन गणेश’ म्हणून ओळखला जातो. हा वेगळा प्राणी नसून ‘स्टेगोडॉन इन्सिग्निस’ या जातीचा नरच असावा असें पुष्कळ अभ्यासक आतां मानतात. परंतु नांव राहिलें तें राहिलेंच. याच दोघांनीं नर्मदेच्या गाळांतील दुसऱ्या एका महाकाय हत्तीस ‘नमादिकस’ असें नदीचें नांव दिलें. महाराष्ट्राचा संबंध विशेषेंकरून या दुसऱ्या हत्तीशीं येतो.

आपल्या भूमीचा पाया काळ्या पाषाणाचा आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरांवर थर सांचून तो बनला. त्या काळीं हत्ती निर्माणच झालेले नव्हते. तेव्हां सह्याद्रीच्या खडकांत हत्तीचें हाड शोधणें व्यर्थ होय. हत्ती सांपडावयाचा तो या पाषाणांत नद्यांनीं खोदलेल्या खोऱ्यांतून, त्याच नद्यांनीं मागाहून आणून टाकलेल्या वाळू, गोटे व चिकणमाती यांच्या थरांत. पैठणजवळील मुंगी येथें वाइन नांवाच्या भूशास्त्रज्ञास गोदावरीच्या अशाच प्राचीन थरांत अकीकाची एक छिलका मिळाली व तिच्यावरील टिपण १८६८ सालीं प्रसिद्ध झालें. मनुष्य व नष्ट झालेलीं जनावरें एकाच काळीं या नदीकांठीं वावरत होतीं कीं काय, ही चर्चा तेव्हांपासून आपल्याकडे सुरू झाली. पुढें १९०५ सालीं गाय पिलग्रिम यानें नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वर येथील गाळांत मिळालेल्या ‘नमादिकस’ हत्तीच्या अवशेषांचें वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकांत छापलें. ज्या जलाशयावर आज हिंवाळ्यांत परदेशचे पक्षी पाहावयास लोक जमतात त्याच परिसरांतील ही गोष्ट आहे. त्यानंतर गोदावरीची उपनदी मांजरा हिच्या खोऱ्यांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत अनेक ठिकाणीं हत्ती, रानबैल, पाणघोडे इत्यादिकांच्या अस्थि हुडकल्या.

पुण्याच्या आसपासचा प्रदेशहि या दृष्टीनें ओसाड नाहीं. चांकणावरून नाशिकच्या सडकेनें उत्तरेस निघावें, म्हणजे भीमा, घोड, मीना व कुकडी या नद्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात. या साऱ्यांचे थर भूशास्त्रज्ञांनीं बारकाईनें पाहिलेले आहेत. घोडनदीच्या खालच्या अंगास इनामगांव आहे. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचें उत्खनन प्रसिद्धच आहे. परंतु त्याच परिसरांतील नदीच्या गाळानें त्याहून पुष्कळ जुन्या काळचे प्राण्यांचे अवशेषहि दिलेले आहेत. जुन्नर तालुक्यांत बोरी येथें कुकडीच्या कांठीं ज्वालामुखीच्या राखेचा एक थर असून तसाच थर मोरगांवास कऱ्हेच्या कांठींहि आहे. या राखेचें वय एका मोजणीनें १४ लाख वर्षें ठरलें, दुसरीनें ६ लाख ७० हजार ठरलें, आणि ही राख सुमात्रांतील टोबा ज्वालामुखीच्या सुमारें ७४,००० वर्षांपूर्वींच्या उद्रेकाचीच होय असें तिसरा पक्ष म्हणतो. हा वाद येथें मुद्दाम नमूद केला आहे. ज्या थरांच्या वयांत एवढें अंतर पडूं शकतें, त्यांतून निघालेल्या एकाद्या सुळ्यास वाटेल तें द्रव्य फासून त्याची साक्ष बिघडविणें केवढ्या नुकसानीचें होईल, हें त्यावरून वाचकांच्या ध्यानांत यावें.

आतां सुळा म्हणजे काय तें पाहूं. मराठींत त्यास सुळा म्हटलें तरी मनुष्याच्या सुळ्याशीं त्याचें नातें नाहीं. तो वरच्या जबड्यांतील पटाशीचा दांत वाढून झालेला असतो व हत्ती जिवंत असेपर्यंत वाढत राहतो. त्याची वाढ आंतून होते. द्रोणांत द्रोण बसवावे तसे दंतद्रव्याचे शंकूच्या आकाराचे थर एकावर एक बसत जातात. हें दंतद्रव्य दोन पदार्थांचें बनलेलें आहे. सुमारें दोन-तृतीयांश भाग चुन्याच्या फॉस्फेटचा, आणि उरलेला बहुतेक भाग कोलॅजन नांवाच्या तंतुमय सेंद्रिय द्रव्याचा. पहिल्यानें कठीणपणा येतो, दुसऱ्यानें चिवटपणा. हस्तिदंतावर कारागिराची छिनी लपलप चालते व तो सहसा ठिकरत नाहीं, याचें श्रेय या दुसऱ्या द्रव्यास आहे.

हत्ती मरून गाळांत पुरला गेला म्हणजे या दोघांची फारकत होऊं लागते. सायबेरियाच्या गोठलेल्या भूमींत कोलॅजन टिकून राहतें. म्हणून तेथील केसाळ मॅमथ हत्तीचा दांत दहा-वीस हजार वर्षांनंतरहि कोरतां येतो व त्याचा मोठा व्यापार चालतो. आपल्या देशांत मात्र हस्तिदंताच्या व्यापारास वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ सालीं दुरुस्ती होऊन बंदी झाली, आणि मॅमथचा दांतहि ‘हस्तिदंत’ या शब्दांत येतो असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं दिला. तेव्हां तो व्यापार येथें संपला. दख्खनच्या उष्ण व कधीं ओल्या तर कधीं कोरड्या जमिनींत कोलॅजन कुजून जातें. राहतो तो खनिजाचा सांगाडा. त्याच्या छिद्रांतून पाण्याबरोबर चुना शिरतो, कोठें चुनखडीचे खडे बाहेरून जखडून बसतात. असा सुळा जमिनींत ओला असतांना अखंड दिसतो. दरड कोसळून अथवा वाळू उपसतांना तो उघडा पडला व त्यावर दुपारचें ऊन लागलें, कीं बाहेरचे थर आंतल्यांपेक्षां लवकर सुकतात, आकसतात, आणि कांद्याचे पापुद्रे सुटावे तशा त्याच्या चिंपा निघूं लागतात. लाखों वर्षें टिकलेली वस्तु एका उन्हाळ्यांत पांढऱ्या भुग्याचा ढीग होते.

गेलेला चिवटपणा बाहेरून परत देतां येईल काय, हा विचार प्रथम पुरातन हस्तिदंताच्या बाबतींत झाला. लेयर्ड यानें १८४५ सालीं इराकांतील निमरूद येथें खोदकाम आरंभिलें तेव्हां त्यास असुर राजांच्या वाड्यांत कोरीव हस्तिदंताचे तुकडे मिळाले. ते हवा लागतांच सुटूं लागले. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें गेल्यावर त्यांस जिलेटिनच्या पाण्यांत शिजविण्यांत आलें. जिलेटिन म्हणजे कातडें, हाडें इत्यादिकांपासून काढलेला शुद्ध सरसच. आणि सरस म्हणजे शिजलेलें कोलॅजन. दांतांतून जें गेलें तेंच दुसऱ्या रूपानें त्यांत भरण्याची ही युक्ति होती. तर्क सुरेख होता आणि तुकडे त्या वेळीं वांचलेहि. परंतु सरस हें सजीवांचें अन्न आहे. दमट हवेंत त्यावर बुरशी चढते, कीड लागते. कोरड्या हवेंत तो आकसून आपल्याबरोबर वस्तूचा पृष्ठभागहि उचकटतो. कोंकणांतील पावसाळा व देशावरील उन्हाळा हे दोन्ही ज्यास भोगावयाचे आहेत त्या वस्तूस सरसाचा आधार फार दिवस पुरणारा नाहीं.

सरसाच्या पाठोपाठ लाख आली. ही तर आपल्या देशाचीच देणगी. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरील किड्यांपासून निघणारी लाख मद्यार्कांत विरघळवून सच्छिद्र हाडांत जिरविण्याचा प्रघात जगभरच्या संग्रहालयांत पुष्कळ काळ चालला. लाख आंत जाते, कठीण होते, पाण्यास दाद देत नाहीं. पण वर्षें लोटतात तशी ती काळवंडते, ठिसूळ होते, आणि शेवटीं ज्या मद्यार्कांत ती विरघळली होती त्यांतहि विरघळेनाशी होते. मग तिच्याखालीं दडलेलें हाड मोकळें करण्याचा उपाय उरत नाहीं. अमेरिकेंत १८७६ सालीं कोप याच्या बरोबर हाडें उकरणाऱ्या स्टर्नबर्ग यानें वेगळीच वाट काढली. शिध्यांतील तांदूळ शिजवून त्याची घट्ट खळ केली, तींत पोत्यांच्या पट्ट्या भिजविल्या, व त्या हाडांभोंवतीं गुंडाळून वाळूं दिल्या. आपल्या घरोघरीं कपड्यांस लावण्यासाठीं जी खळ होत असे तिच्याच बळावर अजस्र प्राण्यांचीं हाडें शेंकडों कोस सुखरूप गेलीं. पुढें खळीची जागा प्लास्टर ऑफ पॅरिसनें घेतली. परंतु तत्त्व तेंच राहिलें. हाडाच्या आंत कांहीं न घालतां त्यास बाहेरून धरून ठेवावें, जोडण्याची घाई रानांत करूं नये, ही शहाणपणाची शिकवण तांदळाच्या खळीनें दिली.

विसाव्या शतकांत रसायनशाळांतून नवीं नवीं चिकटद्रव्यें बाहेर पडलीं. नायट्रोसेल्युलोज आलें, तें पिवळें पडून त्यांतून आम्ल सुटूं लागलें. एपॉक्सी आलें, तें लोखंडास लोखंड जोडतें, परंतु एकदां बसलें कीं सुटत नाहीं. क्षणांत चिकटणारें सायनोअॅक्रिलेट आलें. त्यानें बोटेंहि चिकटतात व चुकलेला सांधाहि तत्क्षणीं कायम होतो. शेवटीं संग्रहालयांच्या पसंतीस उतरलें तें पॅरालॉइड बी-७२ नांवाचें अॅक्रिलिक. तें अॅसिटोनमध्यें विरघळतें, दीर्घकाळ पिवळें पडत नाहीं, आणि मुख्य म्हणजे पुढेंमागें अॅसिटोन लावून तें पुन्हां सोडवितां येतें. यांतहि एक उणें आहेच. सुमारें ४० अंश उष्णतेस तें मऊ पडूं लागतें. लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांस याची मातबरी नसेल. परंतु लातूर किंवा नांदेड येथें वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं ठेवलेला जड सुळा अशा सांध्यावरून सावकाश ओघळूं शकतो. म्हणून आपल्याकडे नुसत्या चिकटद्रव्यावर विसंबणें इष्ट नाहीं; सुळ्याच्या वांकाबरहुकूम घडविलेली बैठक त्याच्या संपूर्ण लांबीस खालून हवी, व अधिक उष्णता सोसणारें दुसरें राळद्रव्य योजणेंहि कित्येकदां प्राप्त होतें.

प्रत्यक्ष कृति ऐकण्यास साधी पण करण्यास जिकिरीची आहे. सुळा आणल्यावर तो सावलींत, झांकून, दिवसेंदिवस हळूहळू सुकूं द्यावा. माती पाण्यानें धुऊं नये. पाण्यानें कोरडे थर फुगून सुटतात. मऊ कुंचल्यानें व बांबूच्या काडीनें ती झाडावी. वय ठरविण्यासाठीं अथवा रासायनिक परीक्षेसाठीं जो नमुना ठेवावयाचा तो कोणतेंहि द्रव्य लावण्याच्या आधीं वेगळा काढावा. नंतर राळेचा अगदीं पातळ द्रव थेंबाथेंबानें भेगांत सोडावा. दाट द्रव वर कवच करून बसतो आणि आंतला भाग पोकळच राहतो. तुकडे निबर झाले म्हणजे प्रत्येकास अंक देऊन ते वाळूच्या तबकांत मांडावे व चिकट न लावतां सर्व सांधे एकवार जुळवून पाहावे. असें न करतां जो हातांत येईल तो तुकडा जोडीत गेलें, कीं शेवटचा तुकडा बसण्यास वाटच राहत नाहीं. आणि आरंभींच्या सांध्यांतील केसाएवढी चूक टोंकाशीं बोटाएवढी होते. वांकड्या सुळ्यांत तर ती चूक त्याचा वळसाच बदलून टाकते.

पिंपरी-चिंचवडपासून चांकणापर्यंतच्या पट्ट्यांतील वाचकांस ही सावधगिरी कदाचित् अनाठायीं वाटेल. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला व तेथून पुढें दोन पिढ्यांत हा सारा मुलूख यंत्रांचा झाला. मोटारीचे पत्रे आतां डाग देऊनच नव्हे तर चिकटद्रव्यानेंहि जोडतात. आणि तेथें कसोटी एकच, कीं सांध्याच्या आधीं पत्रा फाटला तरी चालेल, सांधा सुटतां कामा नये. तो न्याय त्या ठिकाणीं यथार्थ आहे, कारण त्या सांध्यावर जिवंत माणसांचे प्राण अवलंबून असतात. अश्मीभूत सुळ्याचा न्याय नेमका उलटा आहे. तेथें सांधा दंतद्रव्याहून दुबळाच हवा. धक्का बसला तर तो सांध्यावर सुटावा, नवी भेग पडूं नये. आणि उद्यां कोणा अधिक जाणत्यास आपली जुळणी चुकीची वाटली तर त्यास ती निमूटपणें उलगडतां यावी. कारखान्याचा सांधा भविष्यकाळास म्हणतो कीं मला हात लावूं नको. संग्रहालयाचा सांधा म्हणतो, मजहून तुला अधिक कळेल तेव्हां मला सोड.

यांत कोणता एवढा अर्थ भरला आहे, असें कोणी विचारील तर त्यास पिलग्रिमच्या हत्तीचेंच उदाहरण द्यावें. त्या हत्तीच्या मांडीचें हाड पूर्ण मिळालेलें नाहीं; तें पूर्ण असतें तर सुमारें १६५ सेंटिमीटर भरलें असतें असा अजमास करून त्याची खांद्याशीं उंची साडेचार मीटरांपर्यंत धरली जाते. आजच्या आशियाई हत्तीचा नर सामान्यतः पावणेतीन मीटरांच्या आसपास असतो. जगांतील आजवरच्या अतिप्रचंड भूचरांत आपल्या गोदाकांठच्या हत्तीची गणना व्हावी किंवा न व्हावी, हें अपुऱ्या हाडाच्या न मिळालेल्या लांबीवर ठरतें. तुकड्यांच्या मध्यें दोन बोटें गिलावा अधिक भरला, कीं हत्ती वाढला. कमी भरला, कीं खुजा झाला. गिलाव्याला हाडाचा रंग दिला तर पुढील पिढी त्या गिलाव्याचेंच माप घेणार! यासाठीं भर घालणें भाग पडल्यास ती मूळ पृष्ठभागाहून किंचित् खोल, रंगानें किंचित् निराळी ठेवावी, व तिची नोंद लेखीं करावी, असा आतां सर्वमान्य संकेत आहे.

हा संकेत मराठी इतिहासाच्या वाचकांस परका नाहीं. १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें त्याच्या आगेमागें आपल्या विद्वानांनीं दप्तरांतील फाटक्या, वाळवी लागलेल्या कागदांचा केवढा ढीग उपसला! जेथें कागद फाटला तेथें फाटला म्हणून लिहावें, जेथें अक्षर तर्कानें भरलें तेथें तें कंसांत घालावें, हा धडा त्यांनींच आपल्यास दिला. ज्यानें गहाळ ओळ आपल्या पदरची घालून ती मूळचीच म्हणून खपविली त्याच्या सुवाच्य प्रतीपेक्षां अर्धवट फाटलेला अस्सल कागद आपण अधिक मोलाचा मानतों. सुळ्यावरचा गिलावा हा कंसांतील अक्षरांसारखाच आहे. तो असावा, पण कंस पुसूं नये.

अपुरें राहिलेलेंहि बोलतें, याची साक्ष मांजरेच्या खोऱ्यांतच आहे. तिची उपनदी तेरणा. तिच्या कांठीं तेर, म्हणजे प्राचीन तगर. तेथें सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली. जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें तशाच एका मूर्तीचा केवळ खालचा भाग मिळाला. आणि १९३८ सालीं इटलींतील पाँपेई शहरांत, इसवी सन ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या राखेखालीं गडप झालेल्या एका घरांत, त्याच घडणीची भारतीय मूर्ति सांपडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. भोकरदनच्या तुकड्यास कोणी कल्पनेनें धड व मस्तक चिकटविलें असतें तर तो अधिक देखणा झाला असता. परंतु पाँपेईच्या मूर्तीशीं ताडून पाहण्याची त्याची योग्यता तेथेंच संपली असती. तो मोडका राहिला म्हणूनच समुद्रापलीकडील बहिणीची ओळख देऊं शकला.

तात्पर्य, नदीकांठीं विहीर खणतांना, वाळू उपसतांना अगर दरड ढासळल्यावर एकादा वांकडा, पांढुरका, थरथरांचा दगड दिसला, तर तो उपटून घरीं नेणें व बाजारांतील चिकटद्रव्यानें सांधणें हें भक्तीनें केलें तरी घातकच होय. त्यावर ओली माती व गोणपाट टाकावें, जागा नीट ध्यानांत ठेवावी, आणि पुण्यास डेक्कन कॉलेजांत अथवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कचेरींत कळवावें. कोणत्या थरांत, किती खोल, कोणत्या दिशेस टोंक करून तो पडला होता, या गोष्टी सुळ्यापासून एकदां तुटल्या म्हणजे त्यांना जोडणारा सरस, लाख किंवा राळ अद्यापि कोणीं शोधून काढलेली नाहीं.